शरीरातल्या नळीचं टोक चुंबकाने शोधायचं: टेबलावरचं मॉडेल, पायरी-पायरीने

नाकातून पोटात घातलेली अन्नाची नळी जठरात पोचली, की वाट चुकून श्वासनलिकेत शिरली? दंडाच्या शिरेतून हृदयाकडे सरकवलेल्या कॅथेटरचं टोक नेमकं कुठे थांबलं? गिळलेली कॅप्सूल लहान आतड्यात आहे की मोठ्या? एक्स-रे काढून हे कळतं, पण मिनिटामिनिटाला एक्स-रे काढता येत नाही. चुंबकीय क्षेत्राची इथे मोठी सोय आहे. शरीरातल्या ऊतींची चुंबकीय ग्रहणशीलता (बाहेरच्या क्षेत्राने पदार्थ स्वतः किती चुंबकीय होतो ते) पाण्याइतकीच, म्हणजे दहा लाखात नऊच्या आसपास आणि तीही ऋण. स्थिर चुंबकीय क्षेत्राला स्नायू, चरबी, हाडं आणि हवा यांत जवळजवळ काही फरकच दिसत नाही. टोकाशी चुंबक बसवला की बाहेरचे सेन्सर त्याची जागा हिशेबाने काढू शकतात.

इंदूरच्या इंजिनिअरिंग कॉलेजांतली मराठी मुलं शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टसाठी विचारायला येतात, तेव्हा त्यांना 'काहीतरी बायोमेडिकल' हवं असतं आणि ईसीजीचा कंटाळा आलेला असतो. त्यांच्यासाठी हा लेख. पाण्याच्या टबात मुडपलेली पारदर्शक नळी, तिच्यात सरकणारा चुंबक आणि टबाखाली सेन्सरांची पाटी, एवढं करायचं आहे. गणिताची धास्ती बाळगू नका. चुंबकाची जागा काढणं सोपंच आहे. निघालेल्या उत्तरावर कधी विश्वास ठेवायचा नाही, हे ओळखणं अवघड आहे आणि लेखाचा जास्त भाग त्यावरच खर्च केला आहे.

आधी सुरक्षेचं

हे मॉडेल टेबलावरच राहील. कुणाच्याही तोंडात, नाकात, पोटात काहीही जाणार नाही, गंमत म्हणूनसुद्धा नाही. निओडिमियमचे दोन चुंबक पोटात गेले तर आतड्याच्या दोन वेटोळ्यांतून एकमेकांना चिकटतात, मधली भिंत दाबली जाऊन तिला भोक पडतं आणि तातडीने ऑपरेशन करावं लागतं. घरात लहान मूल असेल तर चुंबक मोजून डबीत ठेवा. पेसमेकर असलेल्या माणसाच्या छातीपासून चुंबक किमान 15 सेंटिमीटर लांब हवा; आजोबांना कौतुकाने दाखवायला जाल तेव्हा हे विसरू नका. माणसावर वापरायचं उपकरण आपल्याकडे 2017च्या वैद्यकीय उपकरण नियमांखाली येतं. त्याचा मार्ग वेगळा आणि लांबचा आहे.

सामान

5 मिलिमीटर व्यासाचा, 10 मिलिमीटर लांबीचा निओडिमियम चुंबक. तसा मिळाला नाही तर 5 बाय 5चे दोन एकावर एक चिकटवले तरी चालतात. त्रिअक्षीय मॅग्नेटोमीटरची, म्हणजे तीन दिशांनी चुंबकीय क्षेत्र मोजणाऱ्या सेन्सरची, आठ मॉड्यूल. टीसीए 9548ए हा आठ फाट्यांचा आयटूसी मल्टिप्लेक्सर (आयटूसी म्हणजे दोन तारांच्या सामाईक बसवर चिपांशी बोलायची पद्धत; मल्टिप्लेक्सर त्या बसला एका वेळी एक फाटा जोडतो). अर्डुइनो किंवा ईएसपी 32 ही कंट्रोलरची छोटी पाटी. 8 मिलिमीटर आतल्या व्यासाची मत्स्यटाकीची नळी, तंगूस, प्लास्टिकचा टब, आलेखाचा कागद आणि प्लायवूडचा किंवा अ‍ॅक्रिलिकचा तुकडा.

सेन्सरबद्दल थोडं थांबतो. इंदूरच्या जेल रोडवर, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात जाऊन मॅग्नेटोमीटर मागितला तर "भिया, वो कंपास वाला?" असा प्रतिप्रश्न येईल आणि निळ्या पाटीचं जीवाय 271 मॉड्यूल हातात पडेल. पाटीवर बहुधा एचएमसी 5883एल असं छापलेलं असतं. हनीवेलची ती चिप बंद झालेली आहे. आज त्या पाटीवर बहुतेक वेळा क्यूएमसी 5883एल ही दुसरीच चिप असते. दोघींचे पत्ते निराळे, रजिस्टर निराळी. एचएमसीचा कोड क्यूएमसीवर चालवला तर काहीच उमटत नाही आणि विद्यार्थी दोन दिवस वायरी बदलत बसतात. म्हणून आधी आयटूसी स्कॅनर, म्हणजे बसवरच्या चिपांचे पत्ते शोधणारा छोटा प्रोग्रॅम, चालवा. पत्ता दशमान पद्धतीत 30 आला तर एचएमसी, 13 आला तर क्यूएमसी. क्यूएमसी आमच्या कामाला पुरेशी आहे. तिची 8 गॉसची, म्हणजे 800 मायक्रोटेस्लाची रेंज निवडा. 2 गॉसची रेंज नको. चुंबक जवळ आला की ती भरून जाते.

आकड्यांचा अंदाज आधी कागदावर

इंदूरला चुंबकाचं अप्रूप नाही. राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रात इंडस-2 या यंत्रात 2.5 गिगाइलेक्ट्रॉनव्होल्टचे इलेक्ट्रॉन चुंबकांच्या जोरावरच गोल फिरतात. पण तिथे बोलणं टेस्लात चालतं, आपलं सगळं काम त्याच्या दहा लाखाव्या हिश्शात.

वर सांगितलेल्या चुंबकाचा चुंबकीय आघूर्ण (त्याची ताकद आणि दिशा सांगणारी राशी) अंदाजे 0.2 अँपिअर-चौरस मीटर निघतो. त्याच्या अक्षावर सरळ रेषेत, मायक्रोटेस्लामधलं क्षेत्र म्हणजे 40,000 भागिले सेंटिमीटरमधल्या अंतराचा घन. 5 सेंटिमीटरवर 320, 10वर 40, 20वर फक्त 5. अक्षाला काटकोनात, त्याच अंतरावर, याच्या निम्मं.

आता शेजारी पृथ्वीचं क्षेत्र ठेवा. इंदूरला ते 45 मायक्रोटेस्लाच्या आसपास आहे. म्हणजे 10 सेंटिमीटरवरच चुंबक आणि पृथ्वी बरोबरीला येतात, 20 सेंटिमीटरवर पृथ्वी नऊपट भारी पडते. पृथ्वीचं क्षेत्र वजा केल्याशिवाय इथे एक पाऊलही पुढे टाकता येत नाही.

घनाचा हा नियम दोन्ही बाजूंनी लागतो. क्षेत्र मोजण्यात 3 टक्के चूक झाली तर अंतरात साधारण 1 टक्काच चूक होते, ही चांगली बाजू. वाईट बाजू अशी: सरासरी काढूनही 0.1 मायक्रोटेस्लाची खरखर (नॉइज) उरली असं धरा. 15 सेंटिमीटरवर तिच्यामुळे अंतर अर्ध्या मिलिमीटरने चुकेल, 20वर सव्वा-दीड मिलिमीटरने आणि 30 सेंटिमीटरवर सहा-सात मिलिमीटरने. अंगापिंडाने भरलेल्या माणसाच्या पोटाची जाडी डोळ्यांपुढे आणा, म्हणजे या यंत्रांचे सेन्सर अंगाला टेकवून का ठेवतात ते समजेल. टबात पाण्याची उंची 15 सेंटिमीटरच्या आत ठेवा. चुंबक कुठल्याही सेन्सरच्या 4 सेंटिमीटरहून जवळही येऊ देऊ नका, कारण तिथे 800ची रेंज भरत येते.

सेन्सरांची पाटी

प्लायवूडच्या किंवा अ‍ॅक्रिलिकच्या तुकड्यावर आलेखाचा कागद चिकटवा. एक सेन्सर मध्ये, सहा त्याच्याभोवती 7 सेंटिमीटर त्रिज्येच्या षटकोनावर. आठवा पाटीपासून मीटरभर लांब, एकटा. तो चुंबक पाहत नाही (एवढ्या लांब 0.04 मायक्रोटेस्लाच पोचतं), तो फक्त आसमंतावर लक्ष ठेवतो. त्याचं काम पुढे येईल.

लोखंडाचा कण नको म्हटलं की मुलं स्क्रू नायलॉनचे घेतात आणि बर्ग स्ट्रिप विसरतात. मॉड्यूलबरोबर येणाऱ्या त्या पिना सुट्या घ्या, टेबलावर पसरा आणि त्यांच्यावरून चुंबक फिरवा. स्वस्तातल्या पिना टुणकन उडून चुंबकाला चिकटतात. तसं झालं तर पिना फेकून द्या आणि वायर थेट मॉड्यूलला सोल्डर करा. वायरींचंही पाहा. सेन्सरपासून 1 सेंटिमीटरवरून जाणाऱ्या तारेत 10 मिलिअँपिअर वाहत असले तर 0.2 मायक्रोटेस्लाची भर पडते. पुरवठ्याची आणि ग्राउंडची तार एकमेकींना पीळ देऊन न्या, म्हणजे दोघींचं क्षेत्र एकमेकांत कटतं.

मॉड्यूल चिकटवताना मॉड्यूलचा मध्य धरू नका. काळी चौकोनी चिप मॉड्यूलच्या एका अंगाला असते आणि मोजणारी ती आहे. चिपचा मध्य आलेखाच्या रेघांच्या छेदावर आणा, सगळ्या मॉड्यूलवरचे बाण एकाच दिशेला ठेवा, मग हॉट ग्लू लावा. जागा अर्ध्या मिलिमीटरपर्यंत नोंदून ठेवा. हेच आकडे पुढे गणितात जाणार आहेत.

मल्टिप्लेक्सरचा पत्ता दशमान 112. क्यूएमसीचा पत्ता बदलता येत नाही, म्हणून आठही सेन्सर त्याच्या आठ फाट्यांवर एकेक लावायचे. मूळ बसवर एकही सेन्सर नको, तो सगळ्या फाट्यांशी भांडतो. लांबच्या सेन्सरची तार मीटरभर आहे, तेव्हा बसचा वेग 100 किलोहर्ट्झच ठेवा. आठ सेन्सर वाचायच्या एका फेरीला सुमारे 10 मिलिसेकंद लागतात. 20 फेऱ्यांची सरासरी घ्या. 200 मिलिसेकंदांत घरच्या विजेची 50 हर्ट्झची दहा पूर्ण आवर्तनं बसतात आणि पंख्या-वायरिंगचा हेलकावा बराचसा आपोआप निघून जातो. प्रत्येक वाचनात ओव्हरफ्लोचा बिटही (रेंज भरून गेल्याची खूण) तपासा. तो वर असेल तर त्या सेन्सरचं रीडिंग त्या फेरीपुरतं बाद.

कॅलिब्रेशन: इथे घाई करू नका

दोन सेन्सर सारखे नसतात. एकाचा एक्स अक्ष दुसऱ्याच्या एक्सपेक्षा काही टक्के जास्त दाखवतो, प्रत्येकाचा शून्य आपापल्या जागी सरकलेला असतो आणि हाताने चिकटवलेलं मॉड्यूल एखाद्या अंशाने तिरकं बसतंच. 40 मायक्रोटेस्लाच्या क्षेत्रात एका अंशाचा तिरकेपणा शेजारच्या अक्षावर 0.7 मायक्रोटेस्ला सांडतो. वर धरलेल्या खरखरीच्या सातपट! सरासरी काढून हे जात नाही.

उपाय फुकट आहे आणि पृथ्वीच्या क्षेत्राच्या रूपाने डोक्यावरच आहे. चुंबक घरी ठेवून पाटी एखाद्या मोकळ्या बागेत न्या. गच्ची चालेल, पण स्लॅबमध्ये सळ्या असतात, म्हणून पाटी छातीइतक्या उंचीवर धरा. टाकीपासून आणि डिश अँटेनापासून लांब राहा. मोबाईल खिशात नको. आता पाटी सावकाश सगळ्या बाजूंनी फिरवा: उलटी, सुलटी, कडेवर, तिरकी. दोन-तीन मिनिटं रीडिंग साठवत राहा.

पाटी लहान आहे, त्यामुळे सातही सेन्सरांना प्रत्येक क्षणी एकच क्षेत्र दिसायला हवं. आधी मधल्या सेन्सरचे बिंदू त्रिमितीत काढा. ते मध्यापासून सरकलेल्या, किंचित चेपलेल्या गोलावर पडतील. त्यांना 45 मायक्रोटेस्ला त्रिज्येच्या नेटक्या गोलावर आणणारे आकडे शोधा. मग बाकीच्या प्रत्येक सेन्सरचं रीडिंग मधल्याशी जुळवणारा 3 बाय 3चा मॅट्रिक्स आणि तीन ऑफसेट, असे 12 आकडे साध्या लिनिअर लीस्ट स्क्वेअर्सने (फरकांच्या वर्गांची बेरीज सगळ्यांत कमी करणाऱ्या पद्धतीने) काढा. कमीजास्त संवेदनशीलता, शून्याचं सरकणं आणि तिरकेपणा, तिन्ही एका दमात सुटतात. ही पायरी गाळून थेट पुढे गेलेली प्रोजेक्ट दिसली की लगेच ओळखू येतात: चुंबक स्थिर असताना ठिपका छान स्थिर असतो, फक्त चुकीच्या जागी.

पृथ्वी वजा करणं

पाटी टेबलावर ठेवा. टेबल लाकडी, लोखंडी पायांचं नको. पाटी टेपने चिकटवा, कारण यानंतर ती अंशभरही हलली तर सगळं पुन्हा करावं लागेल. चुंबक मीटरभर लांब नेऊन पाच सेकंदांची सरासरी साठवा. ही झाली पार्श्वभूमी. पुढच्या प्रत्येक रीडिंगमधून ती वजा होईल.

पण पार्श्वभूमी जागेवर राहत नाही. इमारतीची लिफ्ट वर जाते, खाली कुणी स्कूटर लावतो, चिप तापते. आठवा सेन्सर यासाठीच ठेवला आहे. त्याच्यातला बदल बाकीच्या सातांतून वजा केला की लांबून येणारा गोंधळ बराच जातो. जवळचा गोंधळ मात्र त्याने जात नाही. टेबलाखालची लोखंडी खुर्ची पाटीला जेवढी दिसते तेवढी मीटरभर दूरच्या सेन्सरला दिसत नाही. दर काही मिनिटांनी चुंबक बाजूला नेऊन पार्श्वभूमी ताजी करत राहा.

जागा काढणं

चुंबकापासून सेन्सरपर्यंतचा सदिश र, चुंबकाचा आघूर्ण म. मग सेन्सरपाशी क्षेत्र = 10⁻⁷ × (3(म·र)र ÷ र⁵ − म ÷ र³). र⁵ आणि र³ यांतला र म्हणजे नुसतं अंतर. चुंबकाला बिंदूइतका मानणारं हे सूत्र 5 सेंटिमीटर अंतरावर एक-दोन टक्क्यांत बरोबर येतं.

अज्ञात सहा: जागेचे तीन आकडे, आघूर्णाचे तीन. हातात 21 रीडिंग. पायथनमध्ये सायपाय या गणिताच्या लायब्ररीतल्या लीस्ट स्क्वेअर्सला सहाही अज्ञात देऊन टाकले तरी उत्तर येतं, पण एक सोपी युक्ती आहे. जागा ठरली की सूत्र आघूर्णाच्या बाबतीत सरळ रेषेचं होतं. म्हणून शोध फक्त जागेच्या तीन आकड्यांत घ्या आणि प्रत्येक जागेसाठी आघूर्ण लिनिअर पद्धतीने तिथल्या तिथे काढा. शोध भलत्या खड्ड्यात, म्हणजे चुकीच्या उत्तरावर, अडकण्याची शक्यता खूप कमी होते. सुरुवात सगळ्यांत मोठं रीडिंग देणाऱ्या सेन्सरच्या वर 10 सेंटिमीटरवरून करा. पुढच्या फेरीला मागचं उत्तर द्या. चुंबक पाटीच्या वरच आहे, खाली नाही, ही अटही घाला.

एक गोष्ट या पद्धतीने कधीच कळत नाही: दंडगोल चुंबक स्वतःच्या अक्षाभोवती किती वळला. तसं फिरवल्याने बाहेरचं क्षेत्र बदलतच नाही. म्हणून स्वित्झर्लंडमध्ये 2001 साली 16 हॉल सेन्सरांच्या जाळीने एक चुंबक शोधणारी व्यवस्था मांडली गेली, तिलाही पाच 'डिग्रीज ऑफ फ्रीडम' (जागेचे तीन आकडे, दिशेचे दोन) शोधणारी असंच म्हटलं. कॅथेटरच्या टोकात चुंबकाऐवजी गुंडाळी ठेवणाऱ्या यंत्रांतही एका गुंडाळीची हीच अडचण. तिथे एकमेकींशी कोन करून दोन बसवतात.

उत्तर खरं की खोटं

स्क्रीनवर ठिपका कधीही दिसेल, कारण गणित काहीही दिलं तरी काहीतरी उत्तर काढतंच. म्हणून ठिपक्याबरोबर दोन आकडे सतत दाखवा.

पहिला, उरलेली चूक: निघालेल्या जागेवरून सातही सेन्सरांना काय दिसायला हवं होतं आणि प्रत्यक्षात काय दिसलं, यातला सरासरी फरक. दुसरा, आघूर्णाचं मूल्य. चुंबक तोच आहे, त्याची ताकद बदलू शकत नाही. सुरुवातीला अक्षावर 10 सेंटिमीटर मोजून रीडिंग घ्या, 200ने भागा, तुमच्या चुंबकाचं खरं मूल्य मिळेल. 38 मायक्रोटेस्ला आले तर 0.19. पुढे कधी गणित 0.19च्या जागी 0.3 सांगू लागलं तर ठिपका कितीही ठाम दिसो, तो मानू नका.

आता मुद्दाम बिघाड करा. पाटीशेजारी कात्री ठेवा, मोबाईल ठेवा, स्वयंपाकघरातला स्टीलचा पेला ठेवा. काही पेल्यांना चुंबक चिकटतो, काहींना नाही; दोन्ही करून पाहा, फरक स्क्रीनवर दिसेल. अ‍ॅल्युमिनियमचं भांडं ठेवून पाहा, काही होणार नाही. मात्र प्रत्यावर्ती, म्हणजे सतत उलटसुलट होणाऱ्या क्षेत्रावर चालणाऱ्या यंत्रांना अ‍ॅल्युमिनियमही छळतं, कारण त्यात विजेचे भोवरी प्रवाह उठतात. प्रत्येक वेळी उरलेली चूक आणि आघूर्ण किती बदलले ते लिहून ठेवा. त्यावरून मर्यादा ठरवा: तिच्यापलीकडे गेलं की ठिपका करडा करायचा आणि जागा दाखवायचीच नाही.

हे नखरे नाहीत. नाकातून घातलेल्या अन्नाच्या नळीचं टोक चुंबकीय पद्धतीने दाखवणाऱ्या यंत्रांबद्दल अमेरिकेच्या एफडीएने (औषधं-उपकरणांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने) 2018 साली डॉक्टर-नर्सना पत्र काढून सावध केलं, कारण नळ्या फुप्फुसाच्या वाटेला जाऊन छातीत हवा भरल्याच्या घटना घडल्या होत्या आणि त्यात मृत्यूही होते. पडद्यावरची रेघ वाचणारा माणूस आणि रेघ काढणारं यंत्र, दोघांनाही आपली मर्यादा माहीत असावी लागते.

पाटीपासूनची जागा आणि शरीरातली जागा

आता टब चार सेंटिमीटर बाजूला सरकवा, नळीतला चुंबक न हलवता. ठिपकाही चार सेंटिमीटर सरकेल, जरी 'आतड्यात' काहीच घडलेलं नाही. रुग्ण कुशीवर वळतो, श्वासाबरोबर पोट वरखाली होतं, तेव्हा असंच होतं. हृदयाच्या आतल्या भिंतीचा नकाशा काढणारी कार्टो यंत्रणा टेबलाखालच्या गुंडाळ्यांच्या क्षेत्रात कॅथेटरचं टोक शोधते, पण रुग्णाच्या पाठीवर एक संदर्भ सेन्सरही चिकटवते आणि टोकाची जागा त्याच्या तुलनेत सांगते. आपल्या मॉडेलमध्ये साधा उपाय म्हणजे टबाच्या तीन कोपऱ्यांवर खुणा करायच्या, सुरुवातीला चुंबक एकेका खुणेला टेकवून जागा नोंदायच्या आणि पुढची सगळी उत्तरं त्या तीन बिंदूंच्या चौकटीत सांगायची. टब हलला की तीन खुणा पुन्हा नोंदवायच्या.

मोजमाप आणि अहवाल

नळी टबात वेटोळी करून बसवण्याआधी नुसत्या आलेखाच्या कागदावर परीक्षा घ्या. 5, 10 आणि 15 सेंटिमीटर उंचीचे लाकडी ठोकळे करा. प्रत्येक उंचीवर मध्यात आणि चार कोपऱ्यांत चुंबक ठेवा; उभा, आडवा, तिरका. दर वेळी खरी जागा आणि निघालेली जागा यांतलं अंतर लिहा. कोपऱ्यांत चूक मध्यापेक्षा मोठी येईल, कारण तिथे एका बाजूला सेन्सरच नाहीत. सगळ्यांची एकच सरासरी देऊ नका; उंचीनुसार वेगळी द्या आणि शेजारी सगळ्यांत मोठी चूकही द्या. व्हायव्हात बाहेरून आलेले परीक्षक पहिला प्रश्न त्या मोठ्या आकड्यावरच विचारतात.

मग चुंबकाच्या दोन्ही टोकांना हीट श्रिंकने तंगूस बांधा, नळीत ओवा, टब पाण्याने भरा आणि चुंबक हळूहळू ओढत त्याची वाट पडद्यावर काढा. पाणी घालण्याआधीची आणि नंतरची वाट एकावर एक ठेवून पाहा. त्या जुळायला हव्यात. जुळल्या नाहीत तर पाण्याच्या वजनाने टेबल किंवा पाटी किंचित वाकली असेल. आधी तिथे बघा.